थांबलेली करवत

आमच्या ऑफिसात मी माणसं कापते. म्हणजे चित्रात. व्हिडिओ गेममधलं रक्त, आतडी, तुटलेले हात, सगळं माझ्याकडे. म्हणून मला खाटकीण म्हणतात. आणि कुऱ्हाड, गदा, करवत, जे जे फिरतं ते फिरवणारा तो भिंगरी. कामाला वाघ, पण डोकं कायम तापलेलं. एकदा त्यानं कीबोर्ड आपटला, त्याची बटणं माझ्या चहात पडली. मीही काही गरीब गाय नाही. तो चहा त्याच्याच शर्टावर ओतला. तेव्हापासून आमचं जमतं.

त्याच्या रागाचं मूळ सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे वडील वखारीत गोल करवतीवर लाकडं चिरायचे. एक दिवस चालू करवतीत त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. मालक म्हणाला, पिऊन आला होता. वडील एकच सांगत राहिले, "करवत थांबली होती." आता थांबलेली करवत कुणाचा हात तोडते का? कुणाला पटेना, बायकोलाही नाही. लहानपणी बापाला दारुडा म्हणणाऱ्या पोराचे भिंगरीनं दात पाडले होते. मोठा झाल्यावर तो स्वतःच तसं म्हणायला लागला. आई गेली त्या दिवशी तर त्यानं बापाची मानगूट धरून त्याला भिंतीवर आपटलं. "आता तरी खरं बोला." बाप म्हणाला, "थांबली होती रे." मग एका घरात राहून दोघांचं बोलणं बंद.

नव्या गेममध्ये नेमकी वखारच होती. करवतीचा वेग कुठल्या मापात लिहायचा यावरून जुंपली. आमच्या गणित्याला सेकंदाला अंश हवे होते. "दार, मान, तोफ, सगळं अंशात फिरतं. करवतीचेच काय एवढे लाड?"

भिंगरीला मिनिटाला फेरे हवे होते. "वखारीतल्या मोटरीवर फेरेच लिहिलेले असतात. तीन हजार. तुझ्या मापात ते सेकंदाला अठरा हजार अंश होतात. ऐकून डोळ्यांपुढे काही येतं का?"

"तुझ्या डोळ्यांपुढे काय येतं ते माहितीये," गणित्या म्हणाला. "घरचंच शिक्षण."

भिंगरीनं सरळ त्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाकातून भळाभळा रक्त आलं, मी रंगवते त्याहून काळपट. सोडवताना माझ्या बरगडीत कोपर बसलं, तेव्हा मीही दोघांना एकेक ठेवून दिली.

"लिही बाबा तुझे फेरे," गणित्या नाकाला रुमाल दाबत म्हणाला. "मी खेळून बघतो."

भिंगरीनं तीन हजार लिहिले. आवाज अजून बसवला नव्हता. गणित्यानं खेळातला सैनिक चालवत नेला आणि थेट करवतीत घातला. हात उडाला, छाती फाटली, पडदा लाल झाला.

"आत कशाला घातलास?" मी खेकसले.

"अगं, थांबली होती ना करवत."

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. करवत खरंच थांबलेली दिसत होती. मी तिला साठ दाते काढले होते, सगळे एकसारखे. पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. तीन हजार फेऱ्यांना दोन चित्रांच्या मधल्या वेळात प्रत्येक दाता बरोबर दुसऱ्याच्या जागी जाऊन बसत होता. म्हणून ती हलतच नाही असं वाटायचं.

"वखारीत ट्यूबलाइट होती," भिंगरी म्हणाला. "तीही अशीच लुकलुकते. डोळ्याला कळत नाही एवढंच."

"पण आवाज?" मी विचारलं.

"शेजारी बाकीच्या करवती किंचाळत असायच्या. कुठली चालू, कुठली बंद, कानाला काय कळणार?"

तो तसाच उठला आणि वडिलांना घेऊन आला. काकांना मी खुर्ची दिली. पडद्यावर सैनिक पुन्हा चालत गेला, पुन्हा फाटला. काकांनी डावा हात उचलला. मला वाटलं, डोळे पुसताहेत. त्यांनी लेकाच्या कानाखाली अशी लगावली की तो टेबलावर कोलमडला.

"अजून मारा, बाबा," भिंगरी म्हणाला.

"तुला मारून काय होणार?" काका म्हणाले. "तुझी आई मला दारुडा समजूनच गेली."

भिंगरीनं गेम बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाले. "बघू दे मला."