सांजावच्या सकाळी कागलला

मी चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवतो, याचं आमच्या नातेवाइकांना अजून नवल वाटतं. आम्ही लिंगायत, शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान. शेजारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारे सर राहतात. त्यांचे आजोबा गोव्याहून आले, पण सरांची बोली अस्सल कोल्हापुरी. लहानपणी मी त्यांच्या खिडकीखाली तासन्‌तास उभा असायचो. शेवटी अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, हाताला धरून मला त्यांच्या दारात नेलं. "ह्याला शिकवा की तेवढं. घरात नुसती भांडी बडवतंय." तेव्हापासून मी त्यांचा शिष्य.

तरुणपणी सरांनी ही क्वायर सांजावच्या दिवशी सुरू केली. सांजाव म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जन्माचा सण, जूनमधला. गोव्याकडं त्या दिवशी फुलांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या मारतात. यंदा क्वायरला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. हात थरथरायला लागल्यापासून सरांनी व्हायोलिन माझ्या हवाली केलेलं. मुख्य गाणं त्यांची मुलगी गाणार होती. ती आखातात नर्स आहे. तिची रजा मंजूर झाली होती.

आणि नेमकी तिकडं क्षेपणास्त्रं सुटायला लागली. तिचं विमान रद्द झालं, दुसरं तिकीट काढलं, तेही रद्द. सर टीव्हीसमोरून हलेनात. तालमीला बोलवायला गेलो तर म्हणाले, "तिकडं आग लागलीय आनि मी गानी म्हनू व्हय?"

मावशींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. "तुमी बघत बसलासा म्हनून विमानं उडत न्हाईत. उठा! पोरगी आली आनि गानं कच्चं असलं तर तिला काय सांगायचं?"

सर उठले. त्या दिवशी ते सगळ्यांवर इतके ओरडले, की आम्हाला बरं वाटलं.

सणाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. तिला बेंगळुरूपर्यंत जागा मिळाली होती. तिथून ती रात्रीच्या बसमध्ये बसली होती. सकाळी मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या सणाच्या प्रार्थनेसाठी, मी कोट चढवत होतो तर पुन्हा फोन. "दादा, बस कागलला बंद पडलीय. मिस्सा चुकतीय बघ!"

मी सरांकडं धावलो. "मी आणायला जातो, पण मग वाजवणार कोण?"

सरांनी व्हायोलिनसाठी हात पुढं केला. "मी हाय की. तू पळ."

कागलच्या स्टँडबाहेर ती बॅगेवर बसून वडा खात होती. मला बघून तोंड पुसत उठली आणि माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसल्या बसल्या गळा मोकळा करायला लागली. हायवेवर शेजारच्या ट्रकवाल्यानं काच खाली करून विचारलं, "पावणं, वैनीला काय हुतंय का?" ती हसून हसून पडायची बाकी राहिली.

चर्चच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा आत व्हायोलिन सुरू होतं. सूर थरथरत होता, पण पट्टीतून ढळत नव्हता. मुलगी दारातच थांबली. चुरगळलेला ड्रेस, केसांत बसची धूळ. तिची ओळ आली तशी तिनं तिथूनच आवाज लावला. सगळ्या माना मागं वळल्या. सरांनी मात्र मागं पाहिलं नाही. डोळे मिटले आणि वाजवत राहिले. गाणं संपल्यावर फादर चष्मा पुसत बसले, पुढचं वाचायचं विसरूनच गेले.

दुपारी शहराबाहेर सरांच्या एका दोस्ताच्या मळ्यात जेवण होतं. मावशींच्या सान्ना, म्हणजे गोव्याकडच्या इडल्या, आणि मळेवाल्यांचा तांबडा रस्सा. सगळ्यांच्या डोक्यावर झेंडूचे मुकुट; सरांचा सारखा नाकावर घसरायचा. मुलगी हसत होती, पण दर थोड्या वेळानं फोन बघायची. तिच्यासोबत राहणाऱ्या दोघी नर्स तिकडंच ड्यूटीवर होत्या.

मग फोन वाजला. ती ऐकत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "थांबलं म्हणं! दोन्हीकडनं थांबवलंय! पोरी गच्चीवर जाऊन चहा पितायत."

"टिकंल का पर?" मळेवाल्यांनी विचारलं.

"ठाऊक न्हाय," ती म्हणाली. फोन माझ्या हातात दिला, मुकुट दाबून बसवला आणि सरळ विहिरीच्या काठाकडं पळाली.

"अगं, जेवून लगेच नको!" मावशी ओरडल्या.

तोवर खाली धप्पकन आवाज झाला होता, आणि सर काठावर वाकून टाळ्या वाजवत होते.