पाशा काही मरेना

दिल्लीत, मुनिरक्यात मेस चालवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. खरकट्या ताटांसारखे ते आपोआप साठतात. माझ्याकडे जेवणारी पोरं बहुतेक आपल्याकडचीच, कलेक्टर व्हायला आलेली. वैशाली तेवढी वेगळी. ती पीएचडी करायची, तीही एका तुर्की सेनापतीवर! त्याला सगळे पाशा म्हणायचे. तर हे किस्से पाशाचे. मी चौथी शिकलेय. काही चुकलं तर तिला विचारा.

*

पहिल्याच दिवशी तिच्या फाइलमधून फोटो पडला. पिळलेल्या मिशा, छातीवर पदकं.

"कोण गं हा? स्थळ आलंय?"

"काकू, हे माझे पाशा. तुमच्या जन्माआधीच वारलेत."

"मग ठीक. सासुरवास तरी नाही!"

*

पाशा सुलतानाच्या फौजेत वाढला. लढाया केल्या, बर्फात माणसं गमावली. शेवटी सुलतान हरला, शत्रू राजधानीत शिरला आणि हुकूम आला, हत्यारं खाली ठेवा. पाशानं ठेवली नाहीत. तो नव्या सरकारच्या फौजेला जाऊन मिळाला.

मेसमधला आमचा सचिन प्रिलिमला तीनदा आपटलेला. तो म्हणाला, "म्हणजे पक्षांतर, यार!"

"गप रे," मी म्हटलं. "मालकच चोरांना दार उघडून द्यायला लागला, तर कडी कुणी लावायची?"

सचिननं ते वहीत लिहून घेतलं. चौथ्यांदाही आपटला.

*

पाशाची फौज जिंकली. मग जुन्या मित्रांनीच कटाचा आरोप ठेवून त्याला कोर्टात उभं केलं. सुटला, पण वर्दी गेली आणि दारात पोलीस बसला. तो कित्येक वर्षं उठलाच नाही.

मी विचारलं, "त्या पोलिसाला चहा कोण द्यायचं?"

वैशालीचा घास हातातच राहिला. "काकू, हे कुठल्याच कागदात नाही."

"असेल कसं? कागद लिहिणाऱ्यांनी कधी चहा केलाय!"

*

गेल्या पावसाळ्यात तिचे वडील गेले. तेही फौजेतलेच, रिटायर्ड हवालदार. फोन आला तेव्हा ही लायब्ररीत पाशाची पत्रं वाचत होती, मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. गावी गेली तर राखसुद्धा सावडून झालेली.

परत आली, ताट ओढलं आणि म्हणाली, "पाशांच्या पत्रांचं काम संपलं, काकू."

सचिनसुद्धा गप्प बसला. मी नाही बसले. "बापापेक्षा मोठा लागून गेला का गं तो तुर्क?"

तोंड आहे माझं, आवरत नाही. पोरीनं सगळा वरणभात संपवला, ताट स्वतः घासलं आणि गेली.

*

मग तिच्या गाइडनं निर्वाणीचं सांगितलं. महिनाअखेरीपर्यंत थिसिस दे, नाहीतर नाव कापणार. पाच वर्षं पाण्यात! राहिलं होतं एकच प्रकरण, पाशाचं मरण. आणि पाशा काही मरेना. आज त्याला खोकला, उद्या बरं वाटतंय, परवा ही त्याला बागेत गुलाब छाटायला पाठवतेय!

मी वैतागले. "अगं, मेलेल्या माणसाला मारायला एवढे महिने लागतात?"

"उद्या लिहिते, काकू."

असे किती उद्या गेले.

*

दोन दिवस उरले होते. सकाळी मी डाळ शिजत घातलेली. वैशाली दारात उभी, हातात कागदांचा गठ्ठा.

"काकू, गेले पाशा."

मी तिचं तोंड पाहिलं आणि गॅस बंद केला. पोरांना सांगितलं, "आज मेसमध्ये चूल पेटणार नाही." सचिननं वैशालीला खाली बसवून पाणी आणून दिलं.

तेवढ्यात वरून घरमालकीण उतरली. म्हातारी चौधरीण, आवाज म्हणजे भोंगा. "ओ मराठन! आज चूल्हा क्यों नहीं जला? कोई मर गया क्या?"

"हां जी. एक फौजी था."

"किसका था?"

मी काही बोलायच्या आत वैशाली म्हणाली, "मेरे थे, आंटी."

म्हातारीनं चपला दाराबाहेर काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि तिच्या शेजारी फरशीवर बसली. मग एकदम हळू आवाजात, तिच्या तोंडून तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तिनं विचारलं, "मिट्टी देने कौन-कौन गया, बेटा?"

"मुझे फोन देर से मिला, आंटी."