अंधारातली गुलाबी नळी

"निजले हायेत, बाई. उठवू नका," असं म्हणत सर लाकडी कपाटाच्या दाराला पाठ टेकवून उभे राहायचे. आत माणूस नव्हता, ज्वारीची रोपं होती, अंधारात वाढवलेली.

आर्वीच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मी प्रयोगशाळा सहायक होते. सर रोहण्याहून एसटीनं यायचे. मुलांवर कधी ओरडले नाहीत, पण कपाटाजवळ कोणी गेलं की कावरेबावरे व्हायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, सगळं देईल, एवढी एक गोष्ट सोडून.

पन्नाशीत पीएचडी करायला घेतली होती त्यांनी. खतातलं नायट्रेट वापरायला रोपाला एक एन्झाइम लागतं. खत किती, उजेड किती, यावर त्याचं काम ठरतं. पानांचे तुकडे काचेच्या नळीत घेऊन रसायन घातलं की नळी गुलाबी होते. काम जास्त, तितका रंग गडद. अंधारातल्या रोपांची नळी नेहमी फिकी निघायची.

एकदा ते रसायन आणायला नागपूरला गेले. ती रोपं दिसतात तरी कशी, हे मला कधीचं बघायचं होतं. मी दार उघडलं. पिवळट, लांबच लांब, अंगात जीव नसल्यासारखी. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडलं आणि मी स्टूल ओढून बघतच बसले. तासाची घंटा झाली तेव्हा भानावर आले आणि दार लावून टाकलं.

सर आले आणि लगेच कामाला लागले. अंधारातली नळी गुलाबी झाली. "पाहा बाई, नुसत्या खतावर जागे झाले हे." तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी बाकीच्या नळ्या धुवायला घेतल्या.

मार्गदर्शक म्हणाले, पुन्हा करून दाखवा. सरांनी पुन्हा केलं, मग पुन्हा, वर्षामागून वर्षं. नळी फिकीच. प्रबंधाचं बाकी काम तयार होतं, पण तो एक निकाल सोडायला ते तयार नव्हते. शेवटी एकदा खाली बघत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी कपाट उघडलं त नव्हतं ना तुमी?"

"नाई जी."

"मंग झालं. तुमी म्हनता त झालं."

पीएचडीची मुदत संपली. निवृत्तीनंतरही ते यायचे, रोपांचे ट्रे भरायचे. मागच्या वर्षी गेले.

कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडेच आलं. त्यांची वही सापडली. त्या दिवसाच्या नोंदीपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दार बंद होते. बाईंना विचारून खात्री केली आहे.'

वही मी घरी आणली आहे. त्या ओळीखाली जागा कोरी आहे. खरं काय ते तिथे लिहायला मी तीनदा बसले, आणि तीनदा पेनाला टोपण लावून उठले.