नवव्या विहारातलं पाणी

एका दिवसात नऊ विहार फिरवून आणायचे, हा माझा रविवारचा धंदा. सकाळी सहाला ख्लोंग तोई बाजाराच्या तोंडाशी व्हॅन भरते, संध्याकाळी तिथंच रिकामी होते. मधल्या वेळात बाराजणींचं पुण्य माझ्या ब्रेकवर. आठ झाले आणि नववा राहिला, तर या बायका माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. म्हणून मी कुणाचे लाड करत नाही. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं.

त्या रविवारी मागच्या सीटवर लमाई मावशी होती, शेजारी तिची सून नुआन. मावशी आमच्याच गल्लीत केळी तळून विकते. पासष्टीची, काटक बाई, आणि जिभेला हाड नाही. तिचा एकुलता एक मुलगा तोन सात वर्षांपूर्वी महाचाइ बंदरातून मासेमारीच्या बोटीवर गेला, तो गेलाच. बोट कुठल्यातरी परक्या बंदरात विकली म्हणे, माणसं पांगली म्हणे. ना निरोप, ना प्रेत. तेव्हापासून तोनच्या वाढदिवसाच्या आसपास दरवर्षी ही बाई नऊ विहार करते.

आमच्यात जिवंत माणसासाठी मेणबत्ती लावतात, नदीत मासे सोडतात. मेलेल्यासाठी मात्र भन्तेजींचं पठण सुरू झालं की पेल्यात पाण्याची धार धरायची आणि त्याचं नाव घ्यायचं. मग ते पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं. धरणी साक्षीला असते, तेव्हाच पुण्य त्याला पोचतं. मावशीनं सात वर्षांत मेणबत्त्या ढीगभर लावल्या. पाणी एकदाही सोडलं नव्हतं.

निजलेल्या बुद्धाचा विहार झाला, नदीपलीकडचा पहाटेचा विहार झाला, सोनेरी टेकडीच्या पायऱ्या झाल्या. बाकीच्या बायका फोटो काढत होत्या, मावशी वाऱ्यात विझणाऱ्या मेणबत्तीशी झगडत होती.

"मावशी, आटप. गाडी सुटते."

"सुटू दे. तुझा हा मासळीचा डबा धक्का मारल्याशिवाय कुठं सुटतो?"

बायका हसल्या. नुआन हसली नाही.

दुपारी सगळ्याजणी चिकट भात आणि भाजलेलं डुक्कर खात बसल्या, तेव्हा नुआन गाडीमागं माझ्याजवळ आली. "प्रासितभाऊ, आज तरी आई पाणी सोडतील का हो?"

"मला काय विचारतेस? तूच विचार."

"कसं विचारू? तुमचा मुलगा मेला म्हणा, असं सांगू?" तिनं भाताचं पान हातातल्या हातात चुरगाळलं. "बर्फाच्या कारखान्यातला सुथिन या महिन्यात गावी चाललाय. कायमचा. मला चल म्हणतो. आईंना माहितीय. पण तोन जिवंत असेल, तर मी त्याची बायको आहे ना? त्यांनी पाणी सोडल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही."

"आणि नाहीच सोडलं तर?"

"तर तो जाईल. मी राहीन."

तिचा सासरा असतो तर काहीतरी बोललो असतो. मी ड्रायव्हर. चला, बसा, एवढंच ओरडलो. खरं तर मला मावशीचा राग आला होता, आणि राग आल्याची लाजही वाटली.

नववा विहार कालव्याकाठचा, लहानसा. रस्ता असा तुंबला होता की आम्ही पोचलो तेव्हा पठण सुरूच होत होतं. बायका धावत जाऊन बसल्या. मी दाराशी उभा राहिलो. मावशीसमोर मेणबत्त्यांचा गठ्ठा होता. तिनं तो बाजूला सारला आणि शेजारचीच्या पुढ्यातला पितळी पेला ओढून घेतला. त्यात पाण्याची धार धरली. अर्धी धार चटईवर गेली. नाव मनात घ्यायचं असतं, पण ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माझ्या मुलाला पोचो. तोनला."

नुआननं तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि ती रडली. मला बघवेना. बायका आपापले पेले घेऊन अंगणातल्या पिंपळाकडं निघाल्या आणि मी गाडी वळवायला गेलो.

परतताना नुआन बर्फाच्या कारखान्यापाशी उतरली. खाली वाकून तिनं मावशीला हात जोडले. "जा," मावशी म्हणाली, "उशीर केलास तर तोही जाईल."

बाजारात बाकीच्या उतरल्या. मावशी बसूनच होती. माझा घसा कोरडा पडला होता. तिच्या शेजारी पाण्याची बाटली पडली होती, ती मी उचलली.

"ते पिऊ नकोस."

बाटलीत घोटभरच पाणी होतं, पेल्यात मावेल एवढं. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला.

"झाडाला नाही घातलंस?"

"घातलं असतं तर पोचलं असतं."

"मावशी, अगं त्या पोरीला फसवलंस तू."

"तिला मोकळं केलं. तिचं वय आहे. मला कुठं जायचंय?" तिनं माझ्या हातातून बाटली घेतली आणि झाकण घट्ट पिळलं. "पोरगं कुठंतरी मासे साफ करत बसलं असेल, आणि आईनंच त्याला मेल्याचं पुण्य पाठवावं? हात पुढं गेलाच नाही रे."

केळ्यांच्या टोपलीत कापडाखाली तिनं बाटली आडवी ठेवली, मग उचलून उभी ठेवली. 

उतरताना ती दाराशी थांबली. "प्रासित, असं बाटलीतलं पाणी किती दिवस टिकतं रे?"

मला माहीत नव्हतं.