महामाया मावशींचा नियम

डॉक्टर व्हायचं म्हणून लातुरात क्लासला आलेल्या मुलींनी राहायचं कुठं, या प्रश्नावर निम्मं शहर पोट भरतं. महामाया मावशींनीही घराचा वरचा मजला अशा मुलींना दिला होता. जेवण बरं असायचं, पण नाव झालं होतं ते शिस्तीचं. आईबाप लेकीला सोडायला आले की मावशी आधी फोनचा डबा दाखवायच्या. दिवसभर फोन डब्यात, संध्याकाळी तासभर हातात. आणि जिच्या फोनवर काही वेडंवाकडं सापडेल, तिच्या बापाला त्याच दिवशी बोलावणं. आईबाप निर्धास्त होऊन परत जायचे.

वायफायला फिल्टरही बसवून घेतला होता. बसवणाऱ्याला मावशींनी बजावलं होतं, कशाचीही गय करू नको. त्यानं इतकी मनापासून गय केली नाही, की जीवशास्त्रातला प्रजननाचा धडाच मुलींना उघडेना. पोरी पोट धरधरून हसल्या. मावशी आधी लाजल्या, मग चिडल्या आणि त्याला पुन्हा बोलावून धड्यापुरती वाट मोकळी करून घेतली. फिल्टर मात्र काढला नाही, आणि बरोबरच केलं. नेटवरची घाण काही थोडीथोडकी नसते.

अशात इस्लापूरकडची शिवानी संध्याकाळी फोन घ्यायला येईनाशी झाली. बाकीच्या डब्यावर तुटून पडायच्या, ही आपली पुस्तकात डोकं घालून बसलेली. मावशींना कोण कौतुक वाटलं! जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिका गं काही हिच्याकडून. फोनचं नावसुद्धा घेत न्हाई पोरगी."

शिवानी ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन भडभडून ओकली.

 मावशी मागोमाग गेल्या, तिची पाठ चोळली, तोंड धुतलं, खोदून खोदून विचारलं. तेव्हा कुठं पोरगी बोलती झाली. कुणा अनोळखी माणसानं तिचा चेहरा एका उघड्या बाईच्या अंगावर चिकटवून तो फोटो तिलाच पाठवला होता. आणखी फोटो दे, नाहीतर हा गावभर फिरवतो, अशी धमकी. फिल्टर साइटी अडवत होता, पण असल्या मेसेजपुढं तो काय करणार!

"अगं, मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही बाबांना बोलावलं असतं. ते मला घरी घेऊन गेले असते. मग कशाचं शिक्षण अन् कशाचं काय!"

 ज्या नियमाची मावशी एवढी फुशारकी मारत होत्या, त्यानंच पोरीचं तोंड बांधलं होतं. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

सकाळी दोघी सायबर पोलिसांकडे गेल्या. फोनमधलं काही पुसू नका, त्याला उत्तर देऊ नका, असं तिथल्या बाईंनी समजावलं आणि तक्रार घेतली. शिवानी अजून अठराची नव्हती, घरी कळवणं भागच होतं. तो फोन शिवानीनं स्वतः केला. मावशी तिचा हात धरून बसल्या होत्या.

तिचे वडील, किशनराव, मिळेल त्या एसटीनं आले. "लेकीला घेऊन चाललो, ताई. तुमच्या भरवशावर ठेवली होती."

"माझं चुकलं, भाऊ. मला बोला काय बोलायचं ते. पण गुन्हा त्यानं केला अन् शिक्षण हिचं बुडवायचं? हे कुठलं शहाणपण?"

 किशनराव लेकीकडं वळून म्हणाले, "तुला ऱ्हायचंय का इथं?"

"हाव, बाबा."

"मग ऱ्हा." डोळे पुसत ते जिना उतरले.

त्या संध्याकाळी पंगतीतच मावशींनी नवा नियम सांगितला. डबा राहील, फिल्टरही राहील. पण फोनवरून कुणी त्रास दिला आणि मुलीनं येऊन सांगितलं, तर तिला घरी धाडायचं नाही. आईबापाशी बोलताना, पोलिसांत जाताना मावशी तिच्या बाजूनं उभ्या राहणार.

 पोरी ताटं घासून वर गेल्या. मावशी कणीक मळायला बसल्या, तेवढ्यात दारात हदगावची पुनम येऊन उभी राहिली. सगळ्यांत दांडगी, सगळ्यांत बडबडी पोरगी ती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "मलाबी एक सांगायचंय. लई दिवसांचं हाय."