धुतलेले पाय

"आधी बोअरवर नेऊन यांचे पाय घासून आण. टॉवेल पांढरे आहेत."

सरांनी हे मला बाजूला घेऊन सांगितलं नाही. चर्चच्या पायरीवर, सगळ्यांदेखत सांगितलं. 'यांचे' म्हणजे आमच्या वस्तीतल्या, टोलीवरच्या बायांचे. त्यात माझी आई होती.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, आदली संध्याकाळ होती. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमच्याकडे मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. पाळकसाहेब सुरुवात करतात, मग पंच, म्हणजे चर्चचे निवडलेले कारभारी. मी त्या वर्षी नवा पंच झालो होतो. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या टोलीतला पहिलाच. आईनं ट्रंकेतलं कोरं लुगडं काढलं होतं.

सर मंडळीचे सेक्रेटरी. आजोबांपासूनचे ख्रिस्ती. आम्ही कालचे. पंच झाल्यावर माझ्या वाट्याला काय आलं? खुर्च्या मांडणं, मोरी काढणं, जेवणावळीची भांडी. पाळकसाहेब म्हणायचे, सेवेनं विश्वास वाढतो. मी मुकाट घासत होतो. जात सोडून आलो असं आम्हाला वाटायचं. ती आमच्याआधी येऊन पुढच्या बाकावर बसली होती.

तलाव आटत आला की आमच्या बाया गाळात उतरून हातानं मासे धरतात. तो गाळ टाचेच्या भेगांत बसतो, साबणानं निघत नाही. आई घरून राखेनं पाय घासूनच निघाली होती. तरी मी तिला बोअरवर नेलं. एक बाई हापसत होती, मी विटेच्या तुकड्यानं टाच घासत होतो. सर पायरीवर उभे.

आई हळूच म्हणाली, "जोरानं घास ना बाबू. सर पाऊन रायले."

मी जोरानं घासलं. रक्त आलं. काळं तसंच राहिलं.

आत शिष्यांच्या पायांचा तो उतारा मीच वाचला. मोठ्या घरच्यांचे पाय पाळकसाहेबांनी हातात घेऊन धुतले, पुसले. आमच्या बाया सरांच्या वाट्याला आल्या. सरांनी उभ्यानंच, वरून जगनं पाणी ओतलं. बोट लावलं नाही. मला म्हणाले, "तू पूस."

मी पुसलं. पांढऱ्या टॉवेलवर लाल डाग पडला.

"सांगितलं होतं ना. केलीच घाण."

आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. म्हणाली, "चुकलं, सर."

माझी म्हातारी आई. देवाच्या घरात. रक्त आलं म्हणून माफी मागत होती. मघाशी वाचलेलं तेव्हा कुठं कळलं. प्रभू वाकला होता. उभ्यानं पाणी ओतणारा तो नव्हताच.

मी म्हणालो, "सर, खाली वाका. हातानं धुवा."

सर म्हणाले, "पंच केलं तर डोक्यावर बसतो का?" जग आपटून ते निघून गेले. पाळकसाहेब म्हणाले, "ही जागा नाही, नंतर बोलू." ते 'नंतर' वर्षभरात आलं नाही. कमिटीनं मला माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही.

माझा विश्वास वाढला, हे खरं आहे. फक्त पाळकसाहेबांना हवा होता तसा नाही.

आता पुन्हा तो गुरुवार आलाय. सरांचा निरोपही आलाय, बायांना नीट धुऊन आण म्हणून. मी टोलीवर सांगितलंय, या खेपेला कोणी पाय धुवायचे नाहीत. घरी नाही, बोअरवर तर नाहीच. तलावातून निघायचं ते थेट चर्चात. पहिल्या खुर्चीवर आई बसेल. ज्याला धुवायचे असतील त्यानं गुडघे टेकावेत. नाही धुतले तर गाळ फरशीवर वाळेल. तो पुसायला आमच्यातलं कोणी उठणार नाही.