बहिणीचं बोलणं असलेली कॅसेट

माझ्या लग्नाची कॅसेट कापसाच्या खोलीतल्या कपाटात होती. त्या वर्षी भाव पडला म्हणून आम्ही कापूस विकला नाही, घरातच भरून ठेवला. माझ्या सासरी, घाटंजीकडे, बऱ्याच जणांनी तेच केलं. ढीग आढ्याला टेकला आणि कपाट त्यामागे दडलं. पावसाळ्यानंतर कॅसेट हाती आली तेव्हा फितीच्या कडेला पांढरं दिसत होतं. त्यात बुरशी किती आणि कापूस किती, कळत नव्हतं.

धाकटी बहीण त्याआधीच तापाने गेली होती. तिचे फोटो होते. आवाज असलाच तर या कॅसेटवर. आई एकदाच म्हणाली होती, "मले तिचं बोलणं आयकाचं हाय."

मी कॉम्प्युटरचे क्लास घेत असे, त्यामुळे मशीन घरात होतं. व्हीसीआर नात्यातून मागून आणला आणि दोन्ही जोडणारं कार्ड बसवलं. फीत चालेल तसं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरतं, मग त्याची डिस्क करायची. फीत एकदा तरी नीट चालेल की नाही, याचीच शंका होती. मध्येच तुटली तर संपलं.

दुसरी भीती मी आईला सांगितली नाही. आमच्याकडचे व्हिडिओवाले लग्नाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी घालत. गाणी जास्त तेवढी कॅसेट चांगली, असं सगळेच समजत. गाण्याखाली माणसांचं बोलणं पुसलं जाई.

भारनियमन संपल्यावर दुपारी सुरू केलं. आई माहेराहून त्यासाठीच आली होती, ती शेजारी बसली. हळद, मांडव, पंगती, आणि वर गाणं. व्हीसीआर करकरला की माझा हात बटणाकडे जाई. पंगतीत आत्या दिसली तशी आई म्हणाली, "हे पाय तुही आत्या. कॅमेरा आला का वाढाले उठे, गेला का बसे." मला हसू आलं नाही.

माझ्या पाठवणीत बहीण दिसली. आईचा दंड धरून ती काहीतरी बोलत होती आणि वर गाणंच वाजत होतं. तेवढ्यात ते गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आत बहिणीचं बोलणं ऐकू आलं.

"रडू नको न माय. घाटंजीलेच त जाऊन राह्यली, काई काशीले नाई."

पुन्हा वीज जायच्या आत मी डिस्क करून घेतली आणि तो तुकडा आईला पुन्हा लावून दाखवला.

"हे ते नोहे," ती म्हणाली. "तिचा आवाज बारीक होता."

मी समजावलं, व्हीसीआर जुना आहे, फीत हळू फिरते, म्हणून आवाज जाड येतो. कॉम्प्युटरवर थोडा नीट करता येईल. तिचं लक्ष नव्हतं.

"इतके दिवस माह्या कानात तिचाच होता," ती म्हणाली. "आता हा बसला त?"

मी बंद केलं. आई आत जाऊन पडली. वायरी काढता काढता मी बहिणीचा जुना आवाज आठवून पाहिला. जाडच आला.